पोथीकडून गळ्याकडे

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव काढले की संगीताच्या विद्यार्थ्याला परीक्षा आठवते. दहा थाट, वादी-संवादी, आरोह-अवरोह, स्वरलिपीची चिन्हे! पुष्कळांचे त्यांच्यात आणि विष्णु दिगंबर पलुसकरांत अंतर करण्याचेही कष्ट वाचलेले असतात. रूक्ष वैयाकरण अशी जी त्यांची प्रतिमा रूढ झाली आहे, ती त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. या माणसाचा कान आयुष्यभर बदलत गेला, आणि त्यांचे शास्त्र हे त्या बदलाचेच फलित आहे.

१० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीला, मुंबईत वाळकेश्वरी त्यांचा जन्म झाला. प्रारंभी बासरी, मग सतार. ही आवड चारचौघांसारखीच होती. कानाला गोड लागेल ते चांगले. १८८४ मध्ये ते पारशी रसिकांच्या गायन उत्तेजक मंडळीत गेले आणि तेथे त्यांना रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदाची तालीम मिळाली. सतारीच्या गोडव्यावर पोसलेल्या कानाला धृपदाची शिस्त लागली. पुढे ख्यालाचे भांडार उघडले, ते मुख्यतः जयपूरचे महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र आशक अली यांच्यामुळे.

एव्हाना भातखंडे वकील झाले होते. एकच राग दोन खाँसाहेब दोन तऱ्हांनी गातात आणि दोघेही आपलाच खरा म्हणतात, हे ऐकून सामान्य रसिक वाहवा करून घरी जातो. वकिलाला मात्र पुरावा हवा असतो. हा पुरावा संस्कृत ग्रंथांत सापडेल, अशी त्या काळच्या सुशिक्षितांप्रमाणे त्यांचीही श्रद्धा होती. १९०० मध्ये पत्नी व १९०३ मध्ये एकुलती मुलगी गेली. संसाराचा पाश उरला नाही. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, एट्टयापुरम असे फिरले. व्यंकटमखीची बहात्तर मेळांची रचना त्यांनी अभ्यासली, आणि रागांची व्यवस्था लावता येते, असा भरवसा त्यांना तेथे मिळाला. नंतर उत्तरेतील संस्थानांची ग्रंथालये त्यांनी धुंडाळली.

परंतु ग्रंथ जसजसे हाती आले, तसतशी ती जुनी श्रद्धा ढासळत गेली. ग्रंथांतील शुद्ध सप्तक एक, गवयांच्या गळ्यातले दुसरे. येथे दुसरा एखादा पंडित गवयांना भ्रष्ट ठरवून मोकळा झाला असता. भातखंड्यांनी प्रचाराच्या बाजूने कौल दिला. बिलावलचे सप्तक शुद्ध मानले; १८१३ मध्ये पाटण्याच्या महंमद रझांनी तेच मानले होते. १९१० मध्ये त्यांनी ग्रंथ लिहिला तो संस्कृतातच, पण त्याचे नाव ठेवले ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष गायिले जाणारे संगीत. पोथी शोधायला निघालेला हा माणूस गळ्यापाशी येऊन थांबला होता.

त्यांचे सारेच निर्णय मान्य होण्यासारखे नाहीत. अहिर भैरवासारखा राग दहांपैकी कोणत्याही थाटात सरळ बसत नाही. निरक्षर उस्तादांविषयी त्यांनी लिहिताना जो तिखटपणा दाखविला, तोही खटकतो. कारण ज्या चिजांवर त्यांचे कार्य उभे राहिले, त्या बहुतांशी याच उस्तादांच्या स्मरणात जिवंत होत्या. मात्र लेखणी तिखट असली तरी शिकण्याच्या वेळी हा गृहस्थ नम्र होता. नावारूपाला आल्यावरही रामपूरच्या दरबारात शिष्यत्व पत्करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

उत्तरायुष्यात त्यांचे मन सिद्धान्तांपेक्षा चिजांत अधिक रमले, असे दिसते. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत सुमारे अठराशे चिजा त्यांनी स्वरलिपीत आणल्या. ‘चतुर’ व ‘हररंग’ या नावांनी स्वतःही रचना केल्या. धृपद, ख्याल, धमार, तराणा, सारे एका पंक्तीला. बडोद्याची १९१६ ची संगीत परिषद आणि १९२६ चे लखनौचे मॅरिस कॉलेज ही कार्ये सर्वांना ठाऊकच आहेत. लखनौला त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी पुढे ही परंपरा सांभाळली.

१९३३ मध्ये पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळविले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, ते निवर्तले. मालिकेचे अखेरचे भाग छापून आले ते त्यांच्या मागे.