चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा

ज्युबिलीच्या स्मरणिकेत संतांची व मिशनरी धर्मगुरूंची चरित्रे वाचावयास मिळावीत, ही वाचकांची अपेक्षा रास्तच होय. आम्ही येथे ज्यांचे चरित्र देत आहोत ते मात्र संत नव्हते. ख्रिस्तसभेशी त्यांचे पटले नाही, आणि त्यांची कित्येक चित्रे ख्रिस्ती घराच्या भिंतीवर लावण्याजोगी नाहीत. तरीही आम्ही बुद्ध्याच त्यांची निवड केली आहे; कारण देवळाच्या भिंती बालमनावर काय कोरून ठेवतात, हे त्यांच्या आयुष्यात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा जन्म १२ एप्रिल १९२४ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यात साळगाव येथे झाला. पितृछत्र तान्हेपणीच हरपले. आईने मुंबईस येऊन शिवणकामावर संसार चालविला. अशात मुलास देवी आल्या व तो वाचेल असा भरवसा राहिला नाही. तेव्हा त्या माउलीने संत फ्रान्सिस झेवियर यांस नवस केला की, मूल बरे झाले तर त्यास धर्मगुरू करीन. मूल वाचले, चेहऱ्यावर व्रण राहिले, आणि न्यूटन या नावास फ्रान्सिस हे संताचे नाव कृतज्ञतेने जोडले गेले.

साळगावचे ख्रिस्तमंदिर १८७३ साली पूर्ण झाले. ते युरोपातील गॉथिक धर्तीचे असून त्याच्या टोकदार कमानी व आकाशात चढत गेलेले निमुळते कळस दुरूनही नजरेत भरतात. आपल्यापैकी जे कोणी संत झेवियर यांच्या दर्शनास जुन्या गोव्यास गेले असतील, त्यांनी बॉम जेझूची बासिलिका पाहिलीच असेल. १६०५ साली तिचे पवित्रीकरण झाले. तिची घडण युरोपीय, पण दर्शनी भिंतीचा जांभा दगड आपल्या मातीतला. जवळच सेंट कायतान यांचे मंदिर आहे. ते इटालियन धर्मगुरूंनी रोमच्या सेंट पीटर मंदिराच्या नमुन्यावर उभारिले. अशा रीतीने युरोपची वास्तुकला या बालकाने युरोपास जाण्यापूर्वीच पाहिली होती. मंदिराची भव्यता, उपासनेचा थाट, धूपाचा सुवास, झगमगते पोषाख आणि काट्यांचा मुकुट घातलेला क्रूसावरील प्रभू, यांचा आपल्या मनावर केवढा पगडा बसला, हे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेविले आहे.

मुंबईस ते जेजुइट धर्मगुरूंच्या सेंट झेवियर विद्यालयात शिकू लागले. तेथे अश्लील चित्रे काढल्याचा ठपका येऊन त्यांस शाळा सोडावी लागली. नंतर सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश मिळाला. परंतु स्वातंत्र्याच्या चळवळीतील सहभागामुळे १९४५ साली तेथूनही त्यांस काढून टाकण्यात आले. १९४७ साली रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे यांच्यासह त्यांनी प्रागतिक चित्रकारांचा संघ स्थापिला. दोन वर्षांनी, १९४९ मध्ये, ते लंडनला गेले.

तेथील आरंभीची वर्षे हलाखीची होती. १९५५ साली त्यांचा आत्मचरित्रपर लेख एका नामांकित मासिकात प्रसिद्ध झाला व त्याच वर्षीच्या प्रदर्शनाने त्यांचे नाव झाले. १९६० साली इटालियन सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते रोमला गेले. बालपणी ज्या वास्तूंची प्रतिरूपे पाहिली होती, त्यांच्या मूळ भूमीत त्यांनी पाऊल ठेविले.

त्यांची नगरचित्रे पाहताना प्रथम दचकावयास होते. घरे एकमेकांच्या खांद्यावर चढलेली, मनोरे कललेले, घुमट व कळस दाटीने उभे, आणि रस्त्यांवर बहुधा मनुष्य नाही. समोरची एखादी वास्तू हुबेहूब उतरावी हा त्यांचा हेतूच नव्हता. स्मरणातील गोवा आणि डोळ्यांसमोरील युरोप त्यांच्या फळ्यावर एकमेकांत मिसळून जात. प्रत्येक आकारास ते जाड काळ्या रेषेने बांधीत व आत ठळक रंग भरीत. देवळाच्या रंगीत काचांच्या खिडकीत शिशाच्या पट्ट्या काचांस जशा धरून ठेवतात, तशाच या रेषा रंगांस धरून ठेवतात. १९५९ साली काढलेले त्यांचे क्रूसारोहणाचे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातील प्रभू सुंदर नाही. तो छिन्नविच्छिन्न आहे, भयंकर आहे. परंतु शुभ शुक्रवारी आपण ज्या वेदनांचे स्मरण करतो, त्या सुंदर होत्या काय?

१९६७ साली ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले. धर्मगुरूंवर त्यांनी चित्रांतून कठोर टीका केली व ती आम्हांस बोचल्याखेरीज राहत नाही. तथापि ज्याच्यावर रागावले त्याला ते विसरू शकले नाहीत. क्रूस, संत व शेवटचे भोजन हे विषय त्यांच्या कुंचल्याने आयुष्यभर सोडले नाहीत.

२८ मार्च २००२ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्या वर्षी तो दिवस पवित्र गुरुवार होता. प्रभूच्या शेवटच्या भोजनाचे व धर्मगुरुपदाच्या स्थापनेचे स्मरण ख्रिस्तसभा ज्या दिवशी करते, त्याच दिवशी आईने धर्मगुरुपदासाठी वाहिलेला हा पुत्र गेला. त्यांचा देह शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत विसावला आहे. त्या नवसाचे देवाने काय केले, हे देवच जाणे.

आमच्या मते या चरित्रातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. आईबापांनी लेकरांसाठी नवस अवश्य बोलावा, परंतु पाचारण देवाचे असते, ते नवसाने लादता येत नाही. दुसरी अशी की, पिंपळगावच्या आसपासच्या मळ्यांतून व वस्त्यांवरून रविवारी मिस्सेला येणारे प्रत्येक मूल प्रवचनाकडे लक्ष देईलच असे नाही. पण वेदी, क्रूस आणि भिंती यांकडे ते टक लावून पाहत असते. ज्युबिलीच्या वर्षी आपण देवळाची रंगरंगोटी करू, तेव्हा हे स्मरणात ठेवावे. आणि त्यांतील एखादे मूल पुढे आपल्याशी भांडून दूर गेले, तरी त्याच्यासाठी प्रार्थना थांबवू नये. त्याने येथे पाहिलेला क्रूस त्याच्याबरोबर गेलेला असतो.