पिंपरीच्या मातीतले औषध

पिंपरी कारखान्यांसाठी प्रसिद्ध. पण तिचे नाव एका सूक्ष्मजीवालाही मिळाले आहे. त्यामागे होते कवकशास्त्रज्ञ डॉ. एम. जे. तिरुमलाचार (१९१४-१९९९). पिकांवरील तांबेरा व काणी या रोगांचे ते जाणकार. पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये त्यांनी माणसाला जडणाऱ्या बुरशीवर औषध शोधले. तेव्हा अशी औषधे मोजकीच होती.

काम चिकाटीचे होते. मातीतले सूक्ष्मजीव काचेच्या बशीत वाढवायचे, शेजारी बुरशी ठेवायची आणि कोणाभोवती ती वाढत नाही, हे पाहायचे. बहुतेक बशा निराशाच करतात. या चाळणीतून पिंपरीच्या मातीतला 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' सापडला. त्यापासूनचे 'हॅमायसिन' १९६१ मध्ये जाहीर झाले. नावातला 'हॅ' कंपनीच्या आद्याक्षरांचा.

खरी कसोटी पुढेच होती. अमेरिकेत शरीरात खोलवर पसरलेल्या बुरशीरोगाच्या रुग्णांवर ते तपासले गेले. बशीत प्रभावी ठरलेले हे द्रव्य पाण्यात विरघळत नसल्याने पोटातून रक्तात पुरेसे उतरत नव्हते. त्यामुळे त्याचा उपयोग मुख्यतः बाहेरून लावण्यापुरता उरला. 'ऑरिओफंजिन' हे पिंपरीतलेच दुसरे संशोधन मात्र पिकांवरील बुरशीसाठी शेतात पोहोचले.