हॅरोल्ड हार्ट मॅन
हॅरोल्ड हार्ट मॅन (जन्म : १८७२, यॉर्क; मृत्यू : १९६१) हे ब्रिटिश कृषिरसायनज्ञ व पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत असलेल्या पिंपळे सौदागर या गावाची त्यांनी केलेली पाहणी भारतातील ग्रामीण अर्थशास्त्राच्या आरंभीच्या अभ्यासांत मोडते.

१९०० मध्ये ते चहा उत्पादकांच्या संघटनेचे शास्त्रज्ञ म्हणून भारतात आले. १९०७ मध्ये त्यांनी पुण्यातील प्राचार्यपद स्वीकारले व पुढे ते मुंबई प्रांताचे कृषी संचालक झाले. नीरा खोऱ्यात कालव्याच्या पाण्याने खारावलेल्या जमिनींचा त्यांनी व्ही. ए. तम्हाणे यांच्यासह केलेला अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. अतिपाण्याने जमीन नापीक होते, हा प्रश्न दख्खनच्या कालवा क्षेत्रात आजही सुटलेला नाही.

पवनाकाठच्या पिंपळे सौदागरची पाहणी १९१७ मध्ये पुस्तकरूपाने आली. सहस्रबुद्धे, कानिटकर, तम्हाणे हे मराठी सहकारी या कामात बरोबरीने होते; त्यांचा उल्लेख मात्र फारसा होत नाही. जुन्या दप्तरांच्या आधारे मॅन यांनी दाखवले, की १७७१ मध्ये गावातील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. १८१८ मध्ये ते साडेसतरा एकरांवर आले आणि १९१४-१५ पर्यंत अवघे ७ एकर उरले. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे झाले होते व त्यांपैकी ४६३ एक एकराहून लहान होते. अशा पट्टीत बैलजोडी वळवण्यातच वेळ जातो, बांधांखाली जमीन अडते आणि पाणी अडवण्याचा किंवा खताचा विचार एकट्याने करून भागत नाही. नांगरटीच्या सुधारित पद्धती शेतकरी का स्वीकारत नाही, याचे उत्तर त्याच्या अडाणीपणात शोधणाऱ्यांना ही आकडेवारी गैरसोयीची होती. कानिटकरांसह केलेली जातेगाव बुद्रुकची दुसरी पाहणी १९२१ मध्ये निघाली; त्या कोरडवाहू गावाची स्थिती अधिक बिकट होती. तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ मध्ये झाला.

१९२७ मध्ये निवृत्त होऊन मॅन इंग्लंडला परतले. वोबर्न प्रयोगक्षेत्रात ते वयाची ऐंशी ओलांडेपर्यंत काम करत राहिले. तेथील हलक्या वाळूमिश्रित जमिनीत हिरवळीच्या खताचे प्रयोग त्यांनी केले. १९४२ पासून भाजीपाल्याच्या वाफ्यांत शेणखत, वनस्पतिजन्य कंपोस्ट आणि सांडपाण्यातील गाळ यांची वर्षानुवर्षे तुलना चालली. या गाळातील जड धातू मातीत टिकून राहतात व द्विदल पिकांच्या मुळांवरील जिवाणूंना बाधतात, हे त्याच वाफ्यांतून मॅन यांच्या मृत्यूनंतर उघड झाले.

पिंपळे सौदागर येथे आता निवासी संकुले उभी आहेत. त्यांच्या लेखनाचा संग्रह डॅनियल थॉर्नर यांनी संपादित करून १९६७ मध्ये प्रकाशित केला.