अर्न्स्ट ॲबे : प्रकाशाची सीमा शोधणारा गिरणी कामगाराचा मुलगा

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल हा शब्द कोणाला नवीन नाही. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागात शाळेत तपासणी होते, बोटातून रक्ताचा थेंब घेतात, हे तुम्ही पाहिलेलं आहे. आपल्या तांबड्या पेशी साधारण ७ ते ८ मायक्रॉन रुंद असतात. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारखी वाकडी झालेली पेशी स्पष्ट दिसते. पण ती वाकडी करणारे हिमोग्लोबिनचे धागे त्याच सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. भिंग कितीही चांगलं घ्या, तरी नाही! असं का? याचं उत्तर ज्यांनी शोधलं त्यांची ही गोष्ट.

बालपण

अर्न्स्ट ॲबे यांचा जन्म २३ जानेवारी १८४० रोजी जर्मनीतील आयसेनाख या गावी झाला. वडील सूतगिरणीत कामाला होते. दिवसाचे १४ ते १६ तास उभं राहून काम. लहानगा अर्न्स्ट दुपारी डबा घेऊन जायचा. वडील यंत्राला टेकून उभ्या उभ्याच घाईने जेवायचे, रिकामं भांडं मुलाच्या हातात द्यायचे आणि लगेच कामाला लागायचे. हे दृश्य ते आयुष्यभर विसरले नाहीत. आईबाप ऊसतोडीला गेले की घर सांभाळणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मुलगा हुशार होता. गिरणीमालकाने शिक्षणाला मदत केली. येना आणि ग्योटिंगेन येथे शिकून १८६१ मध्ये ते डॉक्टरेट झाले आणि १८६३ पासून येना विद्यापीठात शिकवू लागले.

अपयशातून शोध

येना गावातच कार्ल झाइस यांचा सूक्ष्मदर्शक बनवण्याचा कारखाना होता. तेव्हा भिंगं अंदाजाने बनत. घासायची, लावून बघायची, जमलं नाही तर दुसरं घ्यायचं. गणिताने भिंग बनवता येईल का, असा प्रश्न घेऊन १८६६ मध्ये झाइस ॲबेंकडे आले.

ॲबेंनी गणित मांडलं. प्रतिमेतले दोष कमी व्हावेत म्हणून भिंगात प्रकाश शिरायची वाट अरुंद ठेवली. भिंगं तयार झाली आणि काय आश्चर्य! जुन्या अंदाजाच्या भिंगांपेक्षाही त्यांतून बारकावे कमी दिसू लागले. दुसरा कोणी असता तर नाद सोडला असता. ॲबेंनी मात्र चूक कुठे आहे ते शोधायला घेतलं.

कारण सापडलं ते प्रकाशाच्या स्वभावात. प्रकाश ही लाट आहे. अगदी बारीक रचनेवर पडला की तो बाजूला पसरतो. यालाच विवर्तन म्हणतात. रचना जितकी बारीक, तितका प्रकाश जास्त बाजूला वळतो. तो वळलेला प्रकाश पदार्थीय भिंगात आलाच नाही, तर तो बारकावा प्रतिमेत उमटणार कसा? म्हणून वाट रुंद हवी. पण रुंदीलाही मर्यादा आहे. १८७३ मध्ये त्यांनी हा सिद्धांत प्रसिद्ध केला. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्यापेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसू शकत नाहीत. दृश्य प्रकाशासाठी ही सीमा सुमारे ०.२ मायक्रॉन येते. सिकलसेलमधला एक धागा साधारण ०.०२ मायक्रॉन जाड, म्हणजे या सीमेच्या दहाव्या भागाइतका. आता कळलं तो का दिसत नाही?

सीमा कळल्यावर तिच्यापर्यंत नेणारी उत्तम भिंगं बनवता आली. झाइसचे सूक्ष्मदर्शक आणि ॲबेंची प्रकाशयोजना रॉबर्ट कॉख यांना जंतूंच्या शोधात उपयोगी पडली. १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू शोधला. १८८४ मध्ये ऑटो शॉट यांच्याबरोबर नव्या काचेची प्रयोगशाळा सुरू झाली.

मालक झाले, पण…

१८७६ मध्ये ॲबे कारखान्याचे भागीदार झाले. भरपूर पैसा आला. पण डब्याची ती दुपार मनात होती. झाइस यांच्या निधनानंतर १८८९ मध्ये त्यांनी कार्ल झाइस यांच्या नावाने संस्था स्थापन केली आणि १८९१ मध्ये आपली मालकी तिच्या नावे करून टाकली. कामगारांना पगारी सुट्टी, निवृत्तिवेतन, नफ्यात वाटा मिळू लागला. धर्म किंवा राजकीय मत पाहून भेदभाव करायचा नाही, असा नियम झाला. १९०० मध्ये आठ तासांचा दिवस आला. काम कमी होईल अशी भीती होती, पण मोजून पाहिलं तर उलट थोडं वाढलंच.

१४ जानेवारी १९०५ रोजी येना येथे त्यांचं निधन झालं. तिथल्या त्यांच्या स्मारकावर त्यांचं सूत्र कोरलेलं आहे.

पुढे काय झालं?

ही सीमा सव्वाशे वर्षं पक्की मानली गेली. मग स्टेफान हेल यांनी युक्ती केली. एका लेसरने रेणू चमकवायचे आणि दुसऱ्या कड्याच्या आकाराच्या लेसरने भोवतीचे विझवायचे, म्हणजे मधला इवलासा ठिपकाच उरतो. एरिक बेट्झिग यांनी थोडे थोडे रेणू आळीपाळीने चमकवून प्रत्येकाची जागा टिपली. एकटा रेणू प्रकाशात ओळखण्याची वाट विल्यम मोर्नर यांनी आधीच दाखवली होती. तिघांना २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ॲबेंचा नियम खोटा ठरला नाही, त्याला वळसा घालून वाट काढली गेली. सीमा नेमकी कुठे आहे हे माहीत होतं, म्हणूनच वळसा घालता आला.

मुलांनो, प्रयोग फसला की वही मिटू नका. का फसला ते आधी लिहा.

विचार करा : लाल आणि निळा प्रकाश यांपैकी कोणत्या प्रकाशात जास्त बारीक तपशील दिसेल? का?