‘शतरंज के खिलाडी’मध्ये नवाबांना इंग्रजी बुद्धिबळ समजावून सांगणारे मुन्शीजी ठाण्याचे मराठी माणूस होते

सिनेमात एखादं पात्र लई हुशार आहे हे दाखवायचं असेल तर दिग्दर्शकांकडे एक हुकमी मार्ग असतो. त्याच्यासमोर बुद्धिबळाचा पट मांडायचा. व्हिलन एकटाच बसलाय, शांतपणे घोडा उचलतो, ठेवतो, गालात हसतो. झालं काम. प्रेक्षकांना कळतं की हा गडी दहा चाली पुढचा विचार करतो.

गंमत म्हणजे अशा सीनमध्ये कित्येकदा पटच चुकीचा मांडलेला असतो. खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर यायला पाहिजे, ही शाळेतल्या पोरांना माहीत असलेली गोष्टही शूटिंगच्या गडबडीत सुटून जाते.

‘कासाब्लांका’मध्ये (१९४२) हम्फ्री बोगार्ट पहिल्यांदा दिसतो तो पटासमोरच. आपल्याकडे ‘वजीर’मध्ये (२०१६) अमिताभ बच्चन बुद्धिबळाचा मास्तर झाला. २०२० ला ‘द क्वीन्स गँबिट’ आली आणि जगभरात बुद्धिबळाचे पट धडाधड विकले गेले. सगळीकडे हिशोब एकच, बुद्धिबळ खेळणारा म्हणजे डोकेबाज.

हा हिशोब उलटा करणारा सिनेमा भारतात १९७७ सालीच येऊन गेला होता. सत्यजित रे यांचा ‘शतरंज के खिलाडी’.

प्रेमचंदांच्या १९२४ सालच्या कथेवर बेतलेली ही गोष्ट १८५६ च्या लखनौमध्ये घडते. मिर्झा सज्जाद अली (संजीव कुमार) आणि मीर रोशन अली (सईद जाफरी) हे दोन जहागीरदार दिवसरात्र पटावर बसलेले असतात. घरात काय चाललंय त्यांना माहीत नाही. गावात काय चाललंय त्याची फिकीर नाही. मिर्झाची बायको वैतागून सोंगट्या लपवून ठेवते, तेव्हा हे भाजीपाला मांडून खेळतात. इथे बुद्धिबळ हे हुशारीचं लक्षण उरत नाही, ते व्यसन होतं. तिकडे ईस्ट इंडिया कंपनी अवधचं अख्खं राज्य गिळायच्या तयारीत असते. साताऱ्याची गादी १८४८ ला आणि नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ ला कंपनीने असंच खालसा केलं होतं. आता पाळी वाजिद अली शाहची होती.

या दोघांच्या बैठकीत एक तिसरा माणूस येतो, मुन्शी नंदलाल. टक्कल पडलेला, बुटका, बोलायला गोड. तो सांगतो की कंपनी अवध घेणार अशी कुजबुज आहे. दोघे ती हसण्यावारी नेतात. मग तो इंग्रज बुद्धिबळ कसे खेळतात ते सांगतो. त्यांच्याकडे प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जातं, वजिराच्या जागी राणी असते आणि शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याची राणी करता येते. त्यामुळे डाव लवकर निकालात निघतो.

आपल्याकडच्या देशी पद्धतीत प्यादं एकेक घरच चालायचं. शेवटच्या घरात पोचलं की त्या घरातली मूळ सोंगटी व्हायचं, म्हणजे हत्तीच्या घरात हत्ती आणि घोड्याच्या घरात घोडा. डाव तासन् तास रेंगाळायचा. त्यामुळे मुन्शीजी नियम सांगतायत असं वाटतं, पण सगळ्या सिनेमाची किल्ली तिथे आहे. पुढचा खेळ वेगवान असणार आहे आणि त्याचे नियम दुसऱ्याचे असणार आहेत, हे त्या खोलीत फक्त या माणसाला कळलेलं असतं.

सिनेमाबद्दल पोस्ट लिहिताना संजीव कुमार आणि सईद जाफरी यांचं नाव येतं, वाजिद अली शाह झालेल्या अमजद खानचं येतं. मुन्शीजींचं सहसा येत नाही. तर हे मुन्शीजी म्हणजे डेव्हिड. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

आडनाव वाचून दचकू नका. डेव्हिड जन्मले ठाण्यात, १९०८-०९ च्या सुमारास, आणि ते बेने इस्रायली होते. म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, अशी या समाजात परंपरेने चालत आलेली कथा आहे. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे टाकले. शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. जे गाव तेच आडनाव. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर आणि चेऊल म्हणजे चौलचे चेऊलकर. बायबलमधल्या गोष्टींवर मराठीत कीर्तन करणारा हा समाज.

डेव्हिड १९३० साली मुंबई विद्यापीठातून बीए झाले. पुढची सहा वर्षं त्यांनी नोकरी शोधण्यात घालवली. ती काही मिळाली नाही. बेरोजगार पदवीधर ही काही आजची भानगड नाही. शेवटी त्यांचे मित्र आणि अभिनेते नायमपल्ली यांच्या ओळखीने जानेवारी १९३७ मध्ये ‘झांबो’ नावाच्या सिनेमात काम मिळालं. पुढे त्यांनी वकिलीची डिग्रीही घेतली, पण पोटापाण्याला सिनेमाच आला.

हिरो होण्यासारखी उंची नव्हती, केसही नव्हते. मग काका, मामा, डॉक्टर, शेजारी असे रोल येत गेले. इप्टाच्या चळवळीत ते होते. बंगालच्या दुष्काळावरच्या ‘धरती के लाल’मध्येही (१९४६) त्यांनी काम केलं.

१९५४ ला राज कपूरच्या बॅनरचा ‘बूट पॉलिश’ आला. झोपडपट्टीतला जॉन चाचा दारूचा चोरटा धंदा करतो, पण भोला आणि बेलू या दोन पोरांना भीक मागू देत नाही. ‘नन्हे मुन्ने बच्चे’ हे गाणं यातलंच. फिल्मफेअरने सहाय्यक अभिनेत्याचं पारितोषिक १९५५ पासून सुरू केलं आणि ते पहिल्यांदा मिळालं ते डेव्हिड यांना. जॉन चाचा इतका गाजला की अनेकांनी डेव्हिड यांना कायमचं ख्रिश्चन ठरवून टाकलं.

पडद्याबाहेर ते सूत्रसंचालन करायचे, वेटलिफ्टिंगचे पंच म्हणूनही वावरायचे. हे शेवटचं जरा डोळ्यासमोर आणून बघा. १९६९ ला सरकारने पद्मश्री दिली. त्यांनी लग्न केलं नाही.

नव्या पिढीला ते माहीत आहेत ते हृषीकेश मुखर्जींच्या सिनेमांमुळे. ‘चुपके चुपके’मधले हरिपद भैया आणि ‘गोलमाल’मधले डॉक्टर मामा, जे अमोल पालेकरला भवानीशंकरकडे इंटरव्ह्यूला कसं जायचं ते शिकवतात. ‘बातों बातों में’मध्ये ते व्हायोलिन वाजवणारे अंकल आहेत. नीट पाहिलं तर बहुतेक ठिकाणी त्यांचं काम एकच आहे. ज्याला काही कळत नाहीये त्याला न दुखावता कळेल असं सांगणं. रे यांनी मुन्शी नंदलालसाठी त्यांना का घेतलं असेल याचा अंदाज इथे येतो. तोच सीन एखाद्या भारदस्त आवाजाच्या नटाने केला असता तर भविष्यवाणी वाटली असती. सत्तरीच्या उंबरठ्यावरचे डेव्हिड ते इतकं सहज बोलून जातात की नवाबांसारखंच पाहणाऱ्याचंही त्यातल्या धोक्याकडे दुर्लक्ष होतं.

७ फेब्रुवारी १८५६ ला अवध खालसा झालं. प्रेमचंदांच्या कथेत दोघे खेळाडू भांडणात एकमेकांना तलवारीने मारून टाकतात. रे यांनी शेवट बदलला. इथे दोघे जिवंत राहतात, इंग्रज फौज जवळून निघून जाते, आणि ते सोंगट्या इंग्रजी पद्धतीने मांडून पुन्हा खेळायला लागतात. मुन्शीजींनी शिकवलेले नियम असे कामाला येतात.

स्वातंत्र्यानंतर आपणही तेच नियम घेतले. १९५५ ला एलुरूमध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. आज बीड असो की मुंबई, शाळेच्या स्पर्धेत प्यादं दोन घरंच पुढे जातं. पण मराठीत खेळणारी पोरं त्या राणीला अजून वजीरच म्हणतात.

शेवटच्या दिवसांत डेव्हिड कॅनडात राहायला गेले आणि १९८१-८२ च्या हिवाळ्यात टोरंटोमध्ये वारले. शंभराहून जास्त सिनेमे त्यांच्या नावावर आहेत. पडद्यावर मात्र ते नाव नुसतं डेव्हिड असंच यायचं. चेऊलकर लिहिलेलं नसायचं.