सालबर्डीच्या कातळातून गुरुकुंजाच्या माळावर

अमरावती जिल्ह्यात मोर्शीच्या पुढे गेले की सपाट काळी शेते मागे पडतात आणि सातपुड्याचे उघडेबोडके डोंगर समोर उभे राहतात. मध्य प्रदेशाच्या सीमेवरची सालबर्डी येथेच आहे. विदर्भात सर्वत्र दिसणाऱ्या काळ्या कातळाखाली दडलेले त्याहून प्राचीन खडक या परिसरात उघडे पडले आहेत. येथे उष्ण पाण्याचे झरे आहेत, डायनासोरच्या अंड्यांचे जीवाश्म सापडले आहेत आणि डोंगराच्या पोटात महादेवाचे भुयार आहे. महाशिवरात्रीला दगडधोंड्यांची वाट तुडवीत हजारो भाविक तेथे पोहोचतात. चक्रधरस्वामींच्या एकांतवासाशीही या डोंगराचे नाव जोडलेले आहे.

याच डोंगराने विसाव्या शतकात आणखी एका साधकाला जवळ केले. तो होता यावलीचा माणिक बंडोजी इंगळे, अर्थात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळेत त्यांचे मन फारसे रमले नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांचा सहवास मात्र लाभला आणि गुरूंनीच माणिकचे नाव तुकड्या ठेवले. १९२१ मध्ये आडकोजी महाराजांनी देह ठेवला. त्यानंतर या मुलाने घर सोडून रानाची वाट धरली. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा येथील अरण्ये आणि गुहा हीच त्याची पाठशाळा ठरली.

एकांतात रमलेल्या साधकापुढे एक प्रश्न असतो. मिळालेली शांती स्वतःपुरती राखायची की लोकांत घेऊन जायची? तुकडोजींच्या आयुष्यात हा प्रश्न १९३५ मध्ये निर्णायक ठरला. त्या वर्षी सालबर्डीला त्यांनी महायज्ञ केला. त्या दुर्गम डोंगरात तीन लाखांहून अधिक लोक जमल्याचे सांगितले जाते. एवढ्या प्रसिद्धीनंतर तेथेच मठ उभारणे, गादी स्थापणे सोपे होते. भक्त स्वतःहून डोंगर चढून आले असते.

महाराज मात्र डोंगर उतरले. त्याच वर्षी तिवसा तालुक्यातील मोझरीच्या माळावर, नागपूर-अमरावती रस्त्यालगत, त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. जागेची ही निवड बोलकी होती. गुहेत शिरणारा माणूस जगाकडे पाठ फिरवतो, तर रस्त्यालगतच्या आश्रमात कोणीही वाटसरू सहज येऊ शकतो. येथे जातिभेदाला थारा नव्हता. सर्वांनी एकत्र बसून करायची सामुदायिक प्रार्थना हेच येथील मुख्य साधन झाले.

पुढचे आयुष्य खंजिरीच्या तालावर गावोगाव फिरण्यात गेले. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला राहिले. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या भजनांनी चिमूर-आष्टीचा परिसर पेटून उठला. सरकारने २८ ऑगस्ट रोजी त्यांना अटक केली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले. डिसेंबरात सुटका होताच ते पुन्हा ग्रामकार्याला लागले. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांतून स्वच्छता, व्यसनमुक्ती आणि अस्पृश्यता निवारणाचे काम सुरू झाले.

१९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेतही त्यांची खंजिरी निनादली. ४१ अध्यायांची ग्रामगीता हे त्यांच्या विचारांचे सार होय. शेती, शिक्षण, आरोग्य, स्त्रियांचा सन्मान असे खेड्याच्या जगण्याचे सारे विषय तिच्यात ओवीबद्ध झाले. देव मूर्तीत शोधणाऱ्या समाजाला त्यांनी गावातच देव पाहायला शिकवले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांचा राष्ट्रसंत म्हणून गौरव केला.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजातच महाराजांनी देह ठेवला. पुण्यतिथी महोत्सवात आजही दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसे निःशब्द उभी राहून त्यांना मौन श्रद्धांजली वाहतात. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या मुलाचे शिक्षण प्राथमिक वर्गातच सुटले, त्याचे नाव आज पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर असते.

सालबर्डीला जाणारा पर्यटक तेथील खडक, झरे आणि भुयार पाहून परततो. त्याने परतताना वाट थोडी वाकडी करून मोझरीलाही थांबावे. डोंगरातील साधनेने महाराजांना घडवले, पण त्या साधनेचे फळ त्यांनी या माळावर सर्वांसाठी खुले केले. सालबर्डीची यात्रा गुरुकुंजात येऊनच पूर्ण होते.