निकोला अपेर : आधी बाटली, मग थिअरी

होस्टेलमधल्या कुठल्याही कपाटाचं दार उघडा. कपड्यांच्या ढिगाऱ्यामागे घरचं लोणचं, जॅमची अर्धी बाटली आणि दिवाळीचा उरलेला रसगुल्ल्यांचा टिनचा डबा हमखास सापडेल. तो रसगुल्ला पाकात बुडून महिनोन् महिने तसाच कसा राहतो, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. डबा फोडायची घाई असते ना! ही किमया ज्याने पहिल्यांदा पद्धतशीरपणे जमवली तो ना शास्त्रज्ञ होता, ना इंजिनिअर. तो मिठाईवाला होता. नाव निकोला अपेर. जुन्या पुस्तकांत त्याचं नाव फ्रान्स्वा असं छापलेलं आढळतं, ते चूक आहे. इतकं करून बिचाऱ्याचं नावसुद्धा धड टिकलं नाही.

त्याचा जन्म १७४९ सालचा, फ्रान्समधल्या शालों या गावचा. वडिलांची खानावळ होती. त्यामुळे स्वयंपाक, तळघरातल्या वाइनच्या बाटल्या, बुचं, आंबवणं हे सगळं पोरगा चालायला लागला तेव्हापासून बघत होता. पुढे जर्मन सरदार घराण्याच्या मुदपाकखान्यात त्याने नोकरी केली आणि मग पॅरिसला येऊन मिठाईचं दुकान टाकलं. राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो राजकारणात पडला आणि १७९४ मध्ये काही महिने तुरुंगातही जाऊन आला. ज्या काळात रोज मुंडकी उडत होती त्या काळात हा जिवंत सुटला हेच नशीब.

सुटल्यावर त्याने राजकारणाचा नाद सोडला आणि फळं-भाज्यांच्या मागे लागला. तोपर्यंत अन्न टिकवायचे मार्ग ठरलेले होते : वाळवा, खारवा, धूर द्या, व्हिनेगरमध्ये घाला, नाहीतर साखरेत मुरवा. आपल्या वसईकडे हे कुणाला शिकवायला नको. अर्नाळ्याचे सुके बोंबील, आगाशीची सुकेळी, घरोघरचा मोरांबा. पण यात मूळ पदार्थ बदलून जातो. सुकेळी झकास लागतात, पण ती ताज्या केळ्यासारखी लागत नाहीत. अपेरला जर्दाळू जर्दाळूसारखाच हवा होता, तोही जानेवारीत.

त्याने केलं ते कागदावर फार सोपं दिसतं. फळ काचेच्या बाटलीत भरायचं, बूच घट्ट मारायचं, तारेने आवळायचं आणि बाटली पाण्यात ठेवून ते पाणी उकळायचं. सोपं आहे ना? करून बघा!

आमचं घर गोखिवऱ्यात. वसई रोडला पूर्वेकडे उतरून रिक्षाने जायचं. एकीकडे कारखान्यांचे गाळे आणि पलीकडे तुंगारेश्वरचे डोंगर. मे महिन्यात रायवळ आंबे स्वस्त होतात. आई दरवर्षी आमरस फ्रीजरमध्ये ठेवायची आणि पावसाळ्यात लाइट गेली की तो वितळून वाया जायचा. म्हणून दोन वर्षांपूर्वी आई आणि मावशीने बाटल्या भरायचं मनावर घेतलं. पहिल्या खेपेला नऊ बाटल्या होत्या. एक उकळत्या पाण्यातच तडकली आणि पातेलंभर पिवळं पाणी झालं. दुसरीचं झाकण आठ दिवसांनी फुगलं, कारण त्याच्या आतलं रबर जुनं होतं. आईने ती न चाखता सरळ फेकून दिली. उरलेल्या सात गणपतीपर्यंत टिकल्या. अपेरचं चरित्र मी शोधून वाचलं ते या सात बाटल्यांमुळे. वाचताना मजा वाटली, कारण आईच्या ओट्यावरच्या सगळ्या कटकटी त्याच्याकडे दोनशे वर्षांपूर्वी येऊन गेल्या होत्या.

बाटल्या फुटायच्या. त्याने शॅम्पेनच्या बाटलीसारख्या जाड आणि सगळीकडे सारख्या जाडीच्या बाटल्या निवडल्या, कारण जाडी कमी-जास्त असली की काच असमान प्रसरण पावते आणि तडकते. (थर्मल स्ट्रेसचं लेक्चर आठवा.) प्रत्येक बाटली तो कापडी पिशवीत घालून पाण्यात सोडायचा, म्हणजे बाटल्या एकमेकींवर आपटणार नाहीत आणि एखादी फुटली तरी काचा पिशवीतच राहतील. आमच्याकडे मावशीने पातेल्याच्या तळाला जुना पंचा घातला, अपेरचं नावही न ऐकता.

मग बूच. साध्या बुचाच्या छिद्रांतून हवा आत जायची. म्हणून त्याने बुचाचे तुकडे माशाच्या सरसाने एकावर एक चिकटवून छिद्रं आडवी येतील अशी बुचं बनवली. वरून चुनकळी आणि मऊ चीजचा लेप दिला. आज आपण याला गॅस्केट म्हणतो आणि त्याचे मार्क मिळवतो.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे वेळ. किती उकळायचं? कमी झालं तर नासतं, जास्त झालं तर लगदा होतो. अपेरकडे सूक्ष्मजंतूंची कल्पना नव्हती, पीएच नव्हता. त्याने एकेक फळ, एकेक भाजी घेऊन वर्षानुवर्षं वेळा ठरवल्या आणि मांडून ठेवल्या. रसबेरीसारख्या फळांना उकळी आली की पुरे, वाटाण्याला मात्र तासाहून जास्त. हा फरक का, ते त्याला ठाऊक नव्हतं; आपल्याला आहे. आंबट फळांत, म्हणजे पीएच ४.६ च्या खाली, क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा विषारी जंतू वाढू शकत नाही. वाटाणा, मका किंवा मटणात तो वाढतो आणि त्याचे बीजाणू १०० अंशाला भरवशाने मरत नाहीत. त्यासाठी दाब देऊन १२१ अंशांपर्यंत जावं लागतं. पिकलेल्या आंब्याचा आंबटपणा कमी-जास्त असतो, म्हणून रसात सायट्रिक अॅसिड किंवा लिंबू घालतात. पिकलेलं केळं तर बहुधा ४.६ च्या वरच असतं, म्हणजे आमच्या वसईच्या केळ्यासाठी नुसती उकळती बाटली कामाची नाही. वाळवून सुकेळी करणारे बरोबरच होते म्हणायचे.

अपेरने पॅरिसजवळ मासी इथे कारखाना काढला. शेजारीच मळा, म्हणजे वाटाणा तोडला की लगेच बाटलीत. १८०३ मध्ये फ्रेंच नौदलाने त्याच्या बाटल्या ब्रेस्ट बंदरात तपासल्या आणि तीन महिन्यांनीही माल चांगला निघाला. दर्यावर खारवलेलं मांस खाऊन स्कर्व्हीने माणसं मरत होती, त्यामुळे हा काही चोचल्यांचा प्रश्न नव्हता.

नेपोलियनने बक्षीस जाहीर केलं आणि अपेरने ते जिंकलं, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. खरी गोष्ट मला जास्त आवडते. सरकारने त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवले : पेटंट घे, किंवा १२,००० फ्रँक घेऊन सगळी पद्धत छापून खुली कर. त्याने दुसरा निवडला. १८१० मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्यात बाटल्या, बुचं, वेळा सगळं होतं, काही हातचं राखलेलं नव्हतं. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँडने याच पद्धतीचं, टिनच्या डब्यांसह, पेटंट घेतलं आणि १८१३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये डब्यांचा कारखाना धडधडू लागला. (डबा उघडायचं हत्यार मात्र कित्येक वर्षं निघालं नव्हतं. छिन्नी-हातोड्याने फोडायचे. आपल्या होस्टेलसारखंच.)

अपेरला पेटंट घेता आलं असतं. त्याने चूक केली, असं आमच्या रूमवर दोघांचं ठाम मत पडलं आणि रात्री दीडपर्यंत वाद झाला. मला तसं वाटत नाही. आईला बाटली भरायला कुणाची परवानगी लागली नाही, याची सुरुवात कुठेतरी त्या पुस्तकात आहे.

पण त्याला किंमत मोजावी लागली. १८१४ मध्ये नेपोलियन हरला, परकी सैन्यं आली आणि मासीचा कारखाना उद्ध्वस्त झाला. वयाच्या पासष्टीत त्याने पुन्हा पॅरिसमध्ये सुरुवात केली आणि टिनचे डबेही बनवले. १८२२ मध्ये त्याला मानवजातीचा उपकारकर्ता अशी पदवी मिळाली. पदवीने कर्ज फिटत नाही. १ जून १८४१ रोजी मासीमध्ये तो वारला, ९१ वर्षांचा होऊन, आणि गरिबांच्या सामाईक कबरीत पुरला गेला.

बाटलीतलं फळ का टिकतं, याचं उत्तर तेव्हाही चुकीचंच चालू होतं. गे-ल्युसॅकसारख्या मोठ्या केमिस्टने सांगून टाकलं होतं की बाटलीत ऑक्सिजन उरत नाही म्हणून. जंतूंचं खरं कारण १८६० च्या दशकात लुई पाश्चरने दाखवलं. अपेर गेला त्या वर्षी पाश्चर १८ वर्षांचा होता आणि विज्ञान शाखेच्या परीक्षेत पहिल्या प्रयत्नात नापास झाला होता.